चष्म्याला काळे मणी

माझा उजवा हात एका जागी बसत नाही. आता लिहायला बसलेय, हातात पेन आहे म्हणून बरं, नाहीतर तो एव्हाना गळ्याशी गेला असता.

चव्वेचाळीस वर्षांची सवय होती ती. आमटीला उकळी येईस्तोवर उभी राहिले की हात मंगळसूत्रात. फोनवर बोलताना मंगळसूत्रात. यांना कामावरून यायला उशीर झाला की मी गॅलरीत उभी राहून त्यातली एक वाटी चक्क दातात धरायची. सासूबाई ओरडायच्या, सोनं झिजेल म्हणून. हे गेले त्या दिवशी ते गळ्यातून निघालं, पण हाताला कोण सांगणार? तो आपला दिवसातून पन्नास वेळा वर जायचा, तिथे काही सापडायचं नाही, मग ब्लाउजच्या गळ्याची शिवण उसवत बसायचा. दोन वर्षांत चार ब्लाउज मी असे उसवले. लेक ठाण्याहून आली की म्हणायची, आई, हात खाली. मी खाली घ्यायची. तिची पाठ वळली की पुन्हा वर.

त्यात घर बदललेलं. नायगावची आमची चाळ रिकामी केली आणि आम्हाला जवळच्याच एका तात्पुरत्या इमारतीत नवव्या मजल्यावर खोली मिळाली. नवी बिल्डिंग तयार होईपर्यंत इथे राहायचं. म्हणजे सामान पूर्ण सोडायचंही नाही आणि बांधूनही ठेवायचं नाही. अर्धे खोके उघडे, अर्धे बंद. चाळीत अंधारातसुद्धा माझा हात बरोबर मिठाच्या बरणीवर पडायचा. इथे दिवसाढवळ्या चमचा सापडेना. सारखं या खोक्यातून त्या खोक्यात. बसले तरी आपलं कशासाठी तरी उठायचं राहिलंय असं वाटत राहायचं.

घरात आम्ही दोघी. मी अडुसष्ट वर्षांची आणि माझ्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, शहात्तरच्या. वन्सं तरुणपणीच विधवा होऊन गावाहून भावाकडे आल्या त्या कायमच्या. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांनी आमच्याच खोलीत खानावळ चालवली, वीस-वीस माणसांचं जेवण एकटीनं रांधलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापायला त्यांनीच शिकवलं, आणि माझ्या भाकरीला हसायलाही त्यांनीच सगळ्या चाळीला शिकवलं. पन्नास वर्षं मुंबईत काढली तरी बोलणं अजून मालवणीच. त्यांना साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिनची सुई. ते काम माझ्याकडे.

आता चष्म्याचं सांगते. मी शाळा फक्त चौथीपर्यंत केलेली. पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवर झालं. वाण्याकडून डाळ यायची, डाळ डब्यात आणि कागद माझ्या हातात. त्यामुळे चष्मा लागला तेव्हा मला वाईट नाही वाटलं, उलट शिकलेल्या बाईसारखं वाटलं. फक्त तो माझ्याजवळ टिकायचा नाही. वाचून झालं की काढायचा, काढला की जिथे हात पोचेल तिथे ठेवायचा. हे होते तोवर त्याचं काही वाटलं नाही, कारण माझा चष्मा कुठे आहे हे यांना माहीत असायचं. पेपरातून डोकं वर न काढता सांगायचे, तांदळाच्या डब्यावर. आणि तो तिथे असायचा. हे गेले आणि माझा चष्मा दिवसातून चारदा हरवायला लागला.

त्या सकाळी असाच हरवला. सात वाजून गेलेले, वन्संना भूक लागलेली, चहा ओतून तयार. सुईवरच्या रेघा केसासारख्या बारीक असतात. बारापर्यंत भरायची. मी म्हटलं, दोन वर्षं भरतेय, हाताला अंदाज आहे. उजेडाकडे धरून भरली आणि टोचली.

अर्ध्या तासात वन्सं घामानं भिजल्या. हात थरथरायला लागले, बोलायला गेल्या तर जीभ जड. मी त्यांच्या तोंडात साखर कोंबली, शेजाऱ्यांना हाका मारल्या, टॅक्सीत घालून परळच्या हॉस्पिटलात नेलं. बाटली लागली आणि तासाभरात त्या पुन्हा बोलायला लागल्या. तिथली डॉक्टर, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल. तिनं विचारलं, आजी, किती भरलं होतं? मी म्हटलं, बारा. तिनं रिकामी सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आता भरून दाखवा. माझ्याकडे चष्मा नव्हताच. मी अंदाजानं ओढलं. तिनं बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाली, "हे बावीस आहे."

मी तिथेच बाकड्यावर बसले आणि रडायला लागले. कॉटवरून वन्सं म्हणाल्या, "मेलंय नाय ना अजून? मग रडतंस कित्याक?"

त्यांनी ते मनावर घेतलं नाही. पण मी घेतलं. आठ-दहा दिवस मला रात्रंदिवस एकच दिसायचं, बारा आणि बावीस. लेक म्हणाली, आत्याला इथे ठाण्याला पाठव. वन्सं म्हणाल्या, ठाण्यात पाय ठेवणार नाही. मग मी ठरवलं, जागेपणी चष्मा अंगावरून उतरवायचाच नाही. गळ्यातच बांधायचा.

दादरच्या फुटपाथवरून एक प्लॅस्टिकची दोरी आणली, ती आठवड्यात तुटली. पत्र्याची साखळी आणली, तिनं मानेला पुरळ उठलं, लाल चट्टे. मग परकराची नाडी बांधली. ती भिजली की सुकेना आणि घामाचा वास. वन्संना तर विषयच मिळाला. मी नाडी लावून दार उघडायला गेले की मागून विचारायच्या, शाळेची घंटा झाली काय. शेवटी नाडीही काढून ठेवली आणि चष्मा पुन्हा हरवायला लागला.

एक दिवस दुपारी तो शोधत होते. वन्सं झोपलेल्या. मी एकामागून एक खोकी उपसत गेले आणि त्यांच्या सामानात एक चपटी डबी हाताला लागली. सुपारीची जुनी डबी. चष्मा त्यात मावणार नाही हे मला कळत होतं. पण हाताला थांबायचं माहीत नाही, सांगितलं ना. उघडली. आत कागदाची पुडी. पुडीत बोटं घातली आणि ती जागच्या जागी थांबली.

चष्मा नव्हता, समोर सगळं धूसर होतं, पण बोटांना बरोबर कळलं. माझे मणी होते ते. चव्वेचाळीस वर्षं ज्यांच्याशी चाळा केला ते काळे मणी बोटं विसरतील कशी?

पण ते तिथे असायलाच नको होते. हे गेले त्या दिवशी माझ्या गळ्यातलं काढलं ते वन्संनी. आमच्याकडे हे काम विधवा बाईच करते, आणि घरातल्या थोरल्या त्याच. सोन्याच्या दोन वाट्या त्यांनी रुमालात बांधून माझ्याकडे दिल्या, त्या पुढे मी लेकीला दिल्या. आणि काळे मणी यांच्याबरोबर गेले, असं मला सांगितलं. आमच्या घरातली रीतच तशी, मणी माणसाबरोबर द्यायचे. मी तेव्हा विचारायच्या अवस्थेत नव्हते. दोन वर्षं मी समजून होते की माझे मणी यांच्याबरोबर गेले.

वन्सं घोरत होत्या. त्यांना उठवून विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, आणि एवढ्यात माझ्या डोक्यात एक गोष्ट येऊन बसली होती. या मण्यांनी माझ्या मानेला कधी पुरळ आलं नाही. घामानं नाही, उन्हानं नाही. मी पुडी कमरेला खोचली आणि डबी होती तशी ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळची सुई देऊन, जेवण झाकून मी गिरगावची बस धरली. माझं माहेर फणसवाडीचं. तिथे दागिने गाठवणारे एक आहेत, एका जिन्याखाली हातभर जागेत बसतात. माझं लग्नातलं मंगळसूत्र त्यांच्या वडिलांनी गाठवलेलं. आता मुलगाच साठीचा झालाय. बसायची पद्धत तीच. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं, पाय लांब करून दोरा ताणायचा आणि मणी ओवत जायचं. लग्नसराई होती, पायरीवर तीन बायका थांबलेल्या. माझा नंबर आला तशी मी पुडी पुढे केली. त्यांनी ती उघडून बघितली, मणी तळहातावर खेळवले आणि माझ्याकडे मान वर न करता डाव्या हातानं शेजारच्या डब्यातून एक पिवळा दोरा काढला. हळदीत भिजवलेला, मध्ये हळकुंड बांधलेलं.

तुम्हाला माहीत असेल, मंगळसूत्र गाठवायला दिलं की सवाष्णीनं तेवढा वेळ गळा मोकळा ठेवायचा नाही. हळकुंडाचा दोरा घालून जायचं आणि दागिना मिळाला की मग तो काढायचा. त्यांच्या हाताला ते पाठ. काळे मणी आले, द्या पिवळा दोरा. माझ्या कपाळाला बारीक टिकली होती, हातात दोन काचेच्या बांगड्या होत्या. आताशा आम्ही घालतो. त्यांचं काय चुकलं? त्यांनी दोरा माझ्या हातात दिला, मी घेतला आणि तिथेच पायरीवर बसून गळ्यात बांधला. मागच्या बाईनं गाठीला मदत केली. मी काही बोलले नाही. का नाही बोलले ते आजही नीट सांगता येणार नाही.

मग त्यांनी विचारलं, मावशी, पदर दोनच ठेवायचे ना? वाट्या कुठायत?

मी सांगितलं, वाट्या नाहीत. दोनाचा एकच पदर करा, लांब, छातीपर्यंत येईल असा, आणि दोन्ही टोकांना हे रबराचे फासे बांधा. चष्म्याच्या दुकानातून आणलेले ते फासे मी पुढे केले. चष्मा अडकवायचाय, म्हटलं.

अंगठ्याचा दोरा सैल पडला. त्यांनी पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. यजमान, एवढंच विचारलं. मी सांगितलं, दोन वर्षं झाली. त्यांची नजर माझ्या गळ्यातल्या दोऱ्यावर गेली, मग पायरीवरच्या बायकांवर. मी गाठ सोडायला हात मागे नेला. तेव्हा ते हळूच म्हणाले, "राहू द्या मावशी. काम हातात पडेपर्यंत दोरा काढत नाहीत, मला एवढंच माहितेय."

काम शुक्रवारी मिळणार होतं. मणी थोडे कमी आहेत, नवे घालू का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. जेवढे आहेत तेवढ्यातच भागवा.

येताना बसमध्ये एक नवल झालं. माझा हात त्या हळकुंडाला धरून गप्प बसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी इतकी गाढ झोपले की नायगावचा स्टॉप गेला आणि दादरला कंडक्टरनं उठवलं. तिथून उलटी चालत आले. लिफ्टमध्ये जुन्या चाळीतल्या दोन बायका भेटल्या, त्यांनी गळ्याकडे बघितलं आणि मग मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिल्या.

वन्संनी दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "लगीन केलंस की काय गो?"

मी हसले, त्याही हसल्या. चांगल्या दम लागेपर्यंत हसल्या. मला वाटलं झालं, आता सांगून टाकावं. चष्म्याची दोरी कशी होणार, सुई कशी चुकणार नाही, सगळं त्यांच्या भल्याचंच कसं आहे, अगदी फुलवून सांगितलं. मणी कुठून आले ते सांगायची वेळ आली तशा त्या हसायच्या थांबल्या.

"माझी डबी उघडलंस तू," म्हणाल्या.

मी म्हटलं, वन्सं, चष्मा शोधत होते. त्या उठल्या, खोक्यातून डबी काढली, उघडून आत बघितली, बंद केली आणि पदरात धरून भिंतीकडे तोंड करून बसल्या. मीही गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ माझ्या हातासारखीच. मी म्हटलं, मणी यांच्याबरोबर गेले म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना मला?

संध्याकाळी सात वाजता सुई घेऊन गेले. चष्मा डोळ्यांवर होता, बारा बरोबर भरलेले. त्यांनी दंडाभोवती पदर गच्च गुंडाळून घेतला. "मी नाय टोचून घेवचंय. तुझ्या हातचा तर नायच."

मी समजूत घातली, मग चिडले, मग लेकीला फोन लावून दिला. लेकीशी गोड बोलल्या, झाली गो सुई, म्हणून सरळ सांगितलं. मंगळवारी सकाळी पुन्हा तेच. वर त्याच दिवशी शेजारच्या घरातून बारशाचे पेढे आले, ते माझ्या डोळ्यांदेखत चार खाल्ले. मी बशी ओढून घ्यायला गेले तर म्हणाल्या, बावीस टोचून मारूक बघितलंस, आता पेढे राखतंस?

ते मला लागलं. त्यांनी ते लागायलाच म्हटलं होतं.

दुपारपासून त्या पाणी प्यायला लागल्या. तांब्यावर तांब्या. मी बसू शकेना. गॅलरीत जायचं, आत यायचं, त्यांच्या तोंडाकडे बघायचं, घड्याळ बघायचं, हळकुंड मुठीत धरायचं. संध्याकाळी त्या जरा ग्लानीत आल्या तशी मी बोट टोचून मशीन लावलं. साखर चारशेच्या वर. डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, ताबडतोब बारा द्या, दोन तासांनी परत बघा, उतरली नाही तर घेऊन या.

मी सुई काढली, बाटली काढली आणि चष्मा नाही.

मघाशी होता. मशीन बघताना होता. मग गॅलरीत गेले, तोंडावर पाणी मारलं, फोन केला. मी उशा उलटवल्या. खोकी उपसली. तांदळाचा डबा, फ्रिजचा माथा, देवाचा पाट, सगळं बघितलं. डब्याचं झाकण हातून पडलं आणि खोलीभर घरंगळत गेलं. एकदा सुई तशीच उचलली, उजेडाकडे धरली, रेघा सगळ्या एकात एक. खाली ठेवली. पुन्हा उचलली. मला रडू यायला लागलं होतं आणि रडण्यात आणखीच दिसेना.

"चष्मो मोरीच्या खिडकीत आसा," कॉटवरून वन्सं म्हणाल्या.

तो तिथेच होता. तोंड धुताना मीच ठेवलेला. मी तो आणला, घातला, त्यांच्याजवळ जाऊन बसले. सुई भरली. त्यांनी अजून दंड पुढे केला नव्हता. त्या माझ्या गळ्यातल्या दोऱ्याकडे बघत होत्या.

"माझो घोव गेलो तेवा सव्वीस वर्सांची होतंय मी," त्या म्हणाल्या. "बायांनी सगळे मणी तोडून व्हाळात टाकल्यानी. माका एक ठेवल्यानी नाय."

मग बराच वेळ थांबत थांबत बोलल्या. मी माझ्या भाषेत सांगते. गावच्या त्या ओढ्याला पाणी जेमतेम होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या कळशी घेऊन गेल्या आणि पाण्यात हात घालून मणी शोधत बसल्या. सापडला नाही एकही. सासूनं पाहिलं आणि हात धरून घरी आणलं. पन्नास वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, भावालाही नाही. आणि भाऊ गेला त्या दिवशी माझ्या गळ्यातलं काढायची पाळी त्यांच्यावर आली. मण्यांतले चिमूटभर त्यांनी भावाच्या छातीवर ठेवले, रीत झाली. बाकीचे मुठीत राहिले. मूठ उघडेना. तशीच घरी आणली. मला द्यायचे होते, पण रीत मोडली म्हणून मी काय म्हणेन, बायका काय म्हणतील, म्हणून दिले नाहीत. मग जितका उशीर होत गेला तितकं देणं अवघड झालं. रोज मी ब्लाउजची शिवण उसवताना त्या बघायच्या आणि डबी खोक्यात असायची.

मी त्यांची डबी न विचारता उघडली होती आणि त्यांनी माझे मणी न सांगता ठेवले होते. मी म्हटलं, वन्सं, दंड द्या.

दिला. टोचताना म्हणाल्या, थरथरू नको. दोन तासांनी मशीन लावलं, आकडा उतरत होता. आणखी दोन तासांनी आणखी उतरला. त्या झोपल्या, मी मात्र उठून उठून त्यांच्या कपाळाला हात लावत राहिले, घाम आला का बघायला. आला नव्हता.

शुक्रवारी फणसवाडीला गेले. मणी ओवून तयार होते. एकच लांब पदर, टोकाला बारीक पिवळ्या गाठी, गाठीपुढे रबराचे फासे. त्यांनी चष्मा मागून घेतला, स्वतः अडकवून बघितला, दोनदा ओढून बघितला आणि मग माझ्या हातात दिला. दोरा काढा आता, म्हणाले. मी म्हटलं, घरी काढीन.

घरी आले तेव्हा वन्सं खिडकीजवळ बसून लसूण सोलत होत्या. मी दोरी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी लसणाचे हात पदराला पुसले. त्यांना आता जवळचं बारीक फारसं दिसत नाही, म्हणून त्या बोटांनी बघतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक मण्यावरून बोट फिरवलं. गाठी नखानं तपासल्या. मग म्हणाल्या, वाक जरा.

मी त्यांच्यापुढे खाली बसले. त्या माझ्या मानेमागची गाठ सोडायला लागल्या. गाठ पाच दिवसांची, घामानं घट्ट झालेली, नखांना दाद देईना. कात्री देऊ का, मी विचारलं. त्यांनी मला डोकं आणखी खाली करायला लावलं आणि दोरा दातांनी तोडला. त्यांचा गरम श्वास माझ्या मानेवर आला. हळकुंड त्यांनी हातात घेऊन वास घेतला, चांगलं आहे म्हणाल्या, आणि हळदीच्या डब्यात टाकायला सांगितलं. मग दोरी माझ्या डोक्यावरून घातली, चष्मा पुढे ओढला आणि माझ्या नाकावर बसवला. जरा तिरका बसला. मी सरळ केला नाही.

त्याला आता सहा महिने होत आले. लिफ्टमधल्या बायका आधी बघायच्या, आता एकीनं पत्ता मागून घेतलाय, तिचाही चष्मा हरवतो म्हणे. लेक पहिल्यांदा बघून गप्प राहिली, दुसऱ्यांदा आली तेव्हा दोरीवर बोट फिरवून गेली. खोकी अजून तशीच आहेत. नव्या घराची तारीख आज सांगतात, उद्या बदलतात. चमचे अजून सापडत नाहीत. माझा हात अजून वर जातो, पण आता त्याला तिथे काहीतरी सापडतं, मग तो मण्यांशी चाळा करतो. गाठी सैल होतात. एकदा फणसवाडीला जाऊन त्या घट्ट करून आणल्या. काम डोळ्यांदेखत झालं, तासाभरात. पिवळा दोरा त्यांनी दिला नाही आणि मी मागितला नाही.

बावीस माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. जाऊही नये. सकाळी सात वाजता मी बाटली काढते तेव्हा वन्सं दंड आधीच उघडा करून बसलेल्या असतात. आधी हात लांब करून माझ्या गळ्यातली दोरी चाचपतात. चष्मा तिच्या टोकाला लोंबतोय की डोळ्यांवर आहे, ते बोटांनी बघून घेतात. मग विचारतात, किती?

मी सुई उजेडाकडे धरते. "बारा."

"परत बघ," वन्सं म्हणतात, आणि मी परत बघते.